अठ्ठेचाळीस हातांचं वळण

उत्तरेश्वर गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं त्याच पत्राला उत्तर म्हणून फक्त एक शब्द हवा होता.

एरवी पत्रोत्तरात गुरुजींचा हात धरणारा नळदुर्गापासून कळंबपर्यंत कुणी नव्हता. खरजेवर रामबाण मलम विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं छापील पत्र एकदा चुकून घरी आलं, तर गुरुजींनी 'आम्हा उभयतांची कातडी तूर्त निरोगी आहे, गरज पडल्यास अवश्य कळवू' असं तिला पाठपोट कार्डावर कळवलं होतं. पण दिवाळीत धाराशिवच्या एका कचेरीतून आलेलं ते खाकी पाकीट मार्गशीर्ष सरत आला तरी शब्दकोशात दडून बसलं होतं. शब्दकोश त्या घरात दुसरं कुणी उघडत नसे, म्हणून ती जागा सुरक्षित होती.

गुरुजी हिप्परवाडीच्या सहकारी शेती सोसायटीचे मानद चिटणीस होते. मानद म्हणजे पगार नाही, आणि चिटणीस म्हणजे चूक झाली तर ती त्यांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचत बसायचं असा त्यांचा बेत होता, पण गावात शुद्ध लिहिणारा माणूस रिकामा बसलेला सोसायटीला बघवला नाही. पत्रात विचारलं होतं : 'आपल्या संस्थेकडील जुना ट्रॅक्टर चालू आहे किंवा बंद आहे, ते एका शब्दात उलट टपाली कळवावे.' खाली दोन अटी होत्या. पहिली, जुना ट्रॅक्टर बंद असेल तरच त्याच्या बदल्यात नवा छोटा ट्रॅक्टर मिळेल. दुसरी, जुना ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर चालवत नळदुर्गच्या गोदामात आणून जमा करावा. थोडक्यात, तो मेलेला असावा, पण मसणवट्यात आपल्या पायांनी चालत यावा.

आता हा ट्रॅक्टर चालू होता का? गुरुजींनी या प्रश्नावर अकरा कच्चे मसुदे केले होते, आणि प्रत्येक मसुद्यात त्यांना आपलं म्हणणं खोटं वाटलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात गावातले निम्मे बैल गेले, त्यानंतर सोसायटीनं तो घेतला. परदेशी बनावटीचं भलंमोठं धूड. गावानं त्याचं नाव 'थोरला' ठेवलं. पहिली काही वर्षं थोरला खरोखर थोरल्या भावासारखा राबला. मग वयोमानानं त्याला खोडी लागल्या. तो सपाटीवर सुरू होईना. त्याला रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढच्या उतारावर नेऊन चाकांना दगड लावून ठेवायचं, सकाळी दगड काढायचे, तो गडगडत खाली निघाला की ओढ्याच्या अलीकडं त्याला जाग यायची. आली नाही, तर ओढ्यात यायची. एकदा सुरू झालेला थोरला मधे थांबवायचा म्हणजे पुन्हा उतार शोधणं आलं, म्हणून ड्रायव्हर धुळाप्पा त्याला दिवसभर थांबवतच नसे. दुपारी त्याची बायको नागम्मा फडक्यात भाकरी घेऊन बांधावर उभी राही, आणि थोरला समोरून गेला की कोरड्यास लावलेला एकेक घास त्याच्या हातात देई. "लगीन होऊन बारा वरसं झाली," ती सांगायची, "पर मालकाला बसून जेवताना म्या बगितलंच न्हाय. फिरतच जेवत्यात, देवाला पर्दक्षना घातल्यागत."

शिवाय चार वर्षांपासून त्याला मागं जाण्याचा गेर नव्हता. पुढंच जायचं, आणि वळायला तर त्या धुडाला पहिल्यापासूनच नांगरासकट अठ्ठेचाळीस हात रुंद जागा लागायची. खरं दुखणं इथं होतं.

हिप्परवाडीत भावाभावांच्या वाटण्या लांबीत व्हायच्या. रानाचं वरचं टोक मुरमाड, खालचं टोक ओढ्याकाठी काळंभोर. आडवी वाटणी केली तर एकाला दगड आणि एकाला सोनं. म्हणून प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत एकेक पट्टी. न्याय अगदी चोख, पण दोन-तीन पिढ्यांनी त्या पट्ट्या इतक्या चिंचोळ्या झाल्या की थोरला आत शिरला तर वळायला शेजाऱ्याचं रान लागायचं, आणि शेजारी काही इतका थोर नव्हता. चौकोनी रान उरलं होतं ते चेअरमन आण्णासाहेबांचं आणि आणखी काही घरांचं.

भिमाबाईची पट्टी चौतीस हात रुंद. पन्नास गुंठे जमीन, तीही नवऱ्यानं मुंबईच्या गोदीत हमाली करून घेतलेली. आदल्या साली पावसानं दगा दिला तेव्हा तिनं बैलजोडी विकली, आणि आता पेरणीला दुसऱ्याच्या बैलांची वाट बघायची पाळी आली. सगळ्यांची पेरणी आटोपल्यावर बैल मिळायचे, तोवर ओल उडून जायची. यंदा लोकांची ज्वारी खांद्याला लागली होती, भिमाबाईची गुडघ्याला. उन्हाळ्यात नांगरट झाली नाही तर पुढच्या साली तीही उगवणार नव्हती. सोमवारी बाजाराला जाताना ती गुरुजींच्या ओट्यापाशी थांबून विचारायची, "गुरुजी, आला का वो तुमचा बारका?"

"पत्रव्यवहार चालू आहे," गुरुजी म्हणायचे, आणि घरात जाऊन शब्दकोश उघडून पाकिटाकडं बघून पुन्हा मिटायचे.

या काळात सल्ल्याची मात्र टंचाई नव्हती. शेजारचा किराणा दुकानदार वीरप्पा म्हणाला, "बंद लिवा. डोळे झाकून लिवा. सरकारला जित्यापरीस मेल्याचा कळवळा लई."

"पण रोज सकाळी तो तुमच्या दुकानावरून धूर सोडत जातो, वीरप्पा."

"म्हनून काय झालं? माज्या सासऱ्याला बी डाक्टरनं संपला म्हनून सांगितलं हुतं. नंतर नऊ वरसं मला सल्ला देत हुता."

आण्णासाहेबांनी वाड्यावर बोलावून घेतलं. ते सुपारी कातरत म्हणाले, "गुरुजी, 'चालू' म्हणून कळवून टाका. संस्थेच्या इभ्रतीचा सवाल आहे. पन्नास हॉर्सपॉवरचा गडी देऊन अठराचं पोरगं आणायचं? पाव्हणेरावळे काय म्हणतील? नांगराला जुंपलं तर फुटभर खोल तरी जाईल का ते?"

गुरुजींना म्हणायचं होतं की ते तुमच्या रानात फुटभर जाणार नाही कदाचित, पण बाकीच्यांच्या रानात शिरेल तरी. हे वाक्य त्यांनी मनात नीट रचलं, त्याला विरामचिन्हंही दिली, आणि "बरं" म्हणून ते घरी आले.

धुळाप्पाचं तर बोलणंच वेगळं. "म्या हाय तवर त्येला बंद म्हनायचा न्हाय. लिवायचंच असल तर आदी माजं नाव बंद लिवा."

शेवटी गुरुजींच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "एका शब्दाचं पत्र, आणि दोन महिने! लग्नाआधी आमच्या वडलांनी होकार कळवा म्हणून लिहिलं होतं, तेव्हा तरी इतका वेळ लावला नव्हता."

"तेव्हा माझ्या वडलांनी परस्पर लिहिलं होतं," गुरुजी प्रामाणिकपणे म्हणाले. त्या दिवशी जेवण काहीसं लवकर आटोपलं.

कचेरीनं वाट तरी किती बघायची? तिनं चौकशीला एक साहेब पाठवले. साहेब तरुण होते, हुशार होते, रत्नागिरीकडचे होते, आणि त्यांनी हिप्परवाडीला यायला येळवसेचा दिवस निवडला. यात त्यांचा दोष नव्हता. छापील कॅलेंडरात त्या दिवशी नुसती अमावस्या होती. येळवसेला या भागात गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं रानात जेवायला जातात, आणि वाटेनं जाणाऱ्या परक्याला हात धरून पंगतीला बसवतात, हे त्यांना कोकणात कोण सांगणार?

फाट्यावर एस. टी.तून उतरून, कातडी बॅग सांभाळत साहेब गावात शिरले, तेव्हा सगळ्या दारांना कड्या होत्या. चिटणिसांच्या दारालाही कडी होती. तेवढ्यात देवळाकडून गडगडाट झाला, आणि थोरला ट्रॉलीत चाळीस माणसं, बायकांच्या डोक्यांवर भज्जीची पातेली, उंड्यांच्या दुरड्या आणि आंबिलाची मडकी घेऊन दिमाखात चालून आला. ट्रॉलीच्या कोपऱ्यात एका मडक्याला मिठी मारून उत्तरेश्वर गुरुजी बसले होते.

"थांबा!" साहेब ओरडले. "मी तपासणीला आलोय. थांबवा ट्रॅक्टर!"

"थांबत नसतो, सायब!" धुळाप्पा वरून ओरडला. "पळा थोडं, वर घेतो!"

साहेब बॅगेसकट पळाले. चौघांनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं, आणि जागा नव्हती म्हणून गुरुजींच्या मडक्याला टेकवून बसवलं. गुरुजींनी आपलं नाव सांगितलं. साहेब दम खात म्हणाले, "तुम्हीच का ते? अहो, मी तुमच्या संस्थेची फाईल वाचून आलोय. पंधरा वर्षांत तुमच्याइतकी पत्रं कुणी पाठवली नाहीत. विचारलं नाही त्याचंही उत्तर आहे. आणि या वेळी एक शब्द लिहायला तुम्हाला जमू नये?"

हे चाळीस माणसांसमोर. गुरुजींचे कान तापले. आपण हुशार असतो तर यावर काहीतरी बोललो असतो, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात ट्रॉली खड्ड्यात आदळली आणि आंबील दोघांच्याही मांडीवर सांडलं. तो विषय तिथंच राहिला.

साहेबांना पंचनामा हवा होता. पाच पंचांनी 'चालू' की 'बंद' ते सांगून सह्या करायच्या. पण येळवसेच्या दिवशी पाहुण्यानं जेवल्याशिवाय कोण सही करणार? पहिला मुक्काम आण्णासाहेबांच्या रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, साहेबांना पाटावर बसवून दाणे-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगपोळी आणि वर तांब्याभर आंबवलेलं, गुंगी आणणारं आंबील वाढलं गेलं. मग आण्णासाहेबांनी ऐटीत सही केली : चालू. थोरला तेवढा वेळ रिकाम्या ट्रॉलीसह कोपीभोवती फिरत होता. नागम्मा उंडे पुरवत होती.

दुसरा मुक्काम वीरप्पाच्या रानात. पुन्हा भज्जी, पुन्हा उंडे, दोन तांबे आंबील. वीरप्पानं सही केली : बंद.

साहेबांचे डोळे आता जड झाले होते, पण कायदा जागा होता. "अहो, बंद कसा? तुम्ही स्वतः त्याच्यात बसून आलात ना!"

"मग काय झालं? मानूस तिरडीवर बी गावभर फिरतोच की. म्हनून काय त्याला चालू म्हनत्यात?"

साहेबांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी दूर तुरीकडं बघितलं.

ओढ्याकाठानं परत फिरताना भिमाबाईची पट्टी लागली. तिच्याकडं पांडवांची पूजा नसे, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातली ती. पण येळवसेची भज्जी तिच्याकडंही असे, आणि खाल्लेले लोक सांगत की तशी भज्जी गावात दुसरीकडं नाही. खाल्लेले लोक थोडे होते. ट्रॅक्टरची ही वरात तिच्या रानाशी कधीच थांबत नसे. पट्टीत वळता येत नाही, हे कारण होतं. काही जणांना ते कारण फारच सोयीचं वाटायचं. गुरुजी मात्र दरवर्षी सगळं आटोपल्यावर चालत येऊन तिच्या बांधावर दोन घास खाऊन जात. एकटे येत, आणि त्याबद्दल गावात कुठं बोलत नसत. दोन्हींतलं दुसरं त्यांना अलीकडं खुपायला लागलं होतं.

बांधावरून भिमाबाईनं हाक दिली, "गुरुजी! पाव्हन्याला घिऊन या की! माजी भज्जी काय कडू हाय?"

"वळवा आत," साहेब धुळाप्पाला म्हणाले. "याही एक पंच होतील."

"आत जाईल, सायब, पर भायेर न्हाय यायचा. वळायला अठ्ठेचाळीस हात लागत्यात."

साहेबांना वाटलं हा कामचुकारपणा. पोटात तीन तांबे आंबील असलं की माणसाला जगातला कोणताही ट्रॅक्टर कुठंही वळेल असं वाटतं. "मी तपासणी अधिकारी आहे. वळतो की नाही तेच बघायचंय. घ्या आत!"

धुळाप्पानं ट्रॉलीत बसलेल्या आण्णासाहेबांकडं बघितलं. आण्णासाहेब म्हणाले, "घे. सायबाला दाखव, गडी कसा आहे ते."

थोरल्याचं नाक ओढ्याकाठच्या वाटेवरून पट्टीकडं फिरलं. समोर गुडघ्याएवढी ज्वारी. भिमाबाई हातातली पळी घेऊन तशीच उभी राहिली. आणि मग ट्रॉलीतल्या लोकांनी जे बघितलं त्यावर पुढं आठ दिवस गावात कुणाचा विश्वास बसेना. उत्तरेश्वर गुरुजींनी चालत्या ट्रॉलीतून उडी मारली. उडी म्हणजे धोतर खिळ्यात अडकून अर्धं पडणंच होतं ते. पण ते उठले, फाटलं धोतर एका हातानं धरत पळत पुढं गेले, आणि थोरल्यासमोर पट्टीच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले.

"बंद कर!" ते ओरडले. चाळीस वर्षं शाळेत शिकवताना हा आवाज त्यांनी एकदाही काढला नव्हता. "धुळाप्पा, बंद कर म्हणतो ना! ज्वारीचं एक ताट मोडता कामा नये!"

धुळाप्पानं बंद केला. गुरुजींच्या छातीपासून हातभर अंतरावर थोरला दोन आचके देऊन गप्प झाला. इतकी शांतता हिप्परवाडीच्या शिवारात कित्येक दिवसांत कुणी ऐकली नव्हती. ओढ्याकाठचं ते रान तळव्यासारखं सपाट होतं. थोरला आता उद्या बैल लावून ओढल्याशिवाय हलणार नव्हता.

आण्णासाहेब कडाडले, "गुरुजी, काय करायलाव काय? आता माणसं घरी कशी जाणार?"

"चालत," गुरुजी म्हणाले. आपलाच आवाज ऐकून ते दचकले, पण मागं हटले नाहीत. "मी दरवर्षी इथनं चालतच जातो. आणि जायच्या आधी जेवूनही जातो. साहेब, तुमच्या बॅगेत टेप आहे ना?"

साहेब आणि गुरुजींनी पट्टीची रुंदी मोजली. चौतीस हात, वर चार बोटं. मग थोरल्याचं वळण धुळाप्पाकडून समजून घेऊन वाटेवर आखलं. अठ्ठेचाळीस. साहेब दोन रेघांमधे बराच वेळ उभे राहिले. आंबील उतरू लागलं असावं. मग ते भिमाबाईच्या बांधावर बसले आणि म्हणाले, "वाढा, बाई." साहेब बसले तसे ट्रॉलीतले लोक एकेक करून खाली उतरले. वीरप्पानं तिसऱ्यांदा भज्जी मागून घेतली. आण्णासाहेब उभे राहिले, मग पाय दुखतात म्हणून बसले, मग नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून घासभर खाल्लं.

"तिखट हाय का वो?" भिमाबाईनं विचारलं.

"नाही," आण्णासाहेब म्हणाले. मग ताट पुढं करून म्हणाले, "आणखी एक उंडा असला तर टाक."

निघताना साहेबांनी पंचनाम्याचा अर्धवट कागद गुरुजींच्या हाती दिला. "हा माझ्याच्यानं पुरा व्हायचा नाही. तुम्हीच लिहून पाठवा. मुदत महिनाअखेर. पण गुरुजी, एक शब्द मागितलाय तर एकच शब्द लिहायला पाहिजे, असं काही मी म्हणत नाही."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी अठ्ठेचाळीस हातांची दोरी घेऊन शिवारात फिरू लागले. दोरीचं एक टोक धुळाप्पाकडं. थोरला रुसल्यामुळं त्याला बसून जेवायला वेळ होता, पण सवय नव्हती, म्हणून तो चालतच होता. गावात लगेच बातमी पसरली की इथून कालवा जाणार. दुपारपर्यंत कालव्याचा रस्ता झाला, संध्याकाळी रेल्वे झाली. दगडाबाई नावाच्या एका म्हातारीनं, रेल्वे माझ्या आंब्याखालून न्या म्हणजे सावली राहील, असं सुचवलं. गुरुजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांच्या पट्ट्या मोजल्या. चार दिवस लागले, एक चप्पल गेली, आणि वीरप्पाचं कुत्रं पोटरीला चावलं. या वेळी मात्र त्यांनी मसुदा केला नाही. एकदम स्वच्छ कागदावरच लिहिलं.

लिहून झाल्यावर ते आण्णासाहेबांच्या वाड्यावर गेले. चेअरमनला न दाखवता पत्र धाडणं त्यांना चोरीसारखं वाटलं. उभ्यानंच त्यांनी वाचून दाखवलं :

'महोदय, उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आमच्या संस्थेचे एकसष्ट सभासद आहेत. ट्रॅक्टरला वळण्यास अठ्ठेचाळीस हात जागा लागते. तेवढी रुंद जमीन तेवीस सभासदांकडे आहे. अडतीस जणांकडे नाही, रुंदीची यादी सोबत जोडली आहे. सबब, आमचा ट्रॅक्टर तेवीस सभासदांकरिता चालू असून अडतीस सभासदांकरिता, तो ज्या दिवशी गावात आला त्या दिवसापासून, बंद आहे. छोटा ट्रॅक्टर सर्व एकसष्ट पट्ट्यांत वळेल. जुना ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर जमा करण्याबाबत : नळदुर्गच्या वाटेवर तीन उतार आहेत, तेवढे अंतर तो आपल्या बळावर येईल. उरलेल्या वाटेला आम्ही बैल देऊ.'

आण्णासाहेबांची सुपारी कातरायची थांबली. "गुरुजी, याचा अर्थ असा होतो की इतकी वर्षं सोसायटीचा ट्रॅक्टर माझ्यासारख्यांसाठीच चालला."

"होय," गुरुजी म्हणाले. "तसंच लिहिलंय. आकडा चुकला असेल तर सांगा, दुरुस्त करतो."

आण्णासाहेबांनी यादी घेतली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. त्यांच्या दोन चुलतभावांची नावंही अडतिसांत होती. मग ते म्हणाले, "बैल माझे घ्या. चार जोड्या देतो. पण थोरल्याला हार घालून न्यायचा. गावाची लाज जायला नको."

"ते वाक्य पत्रात घालू?"

"घालू नका. नुसतं करू."

टपालपेटी फाट्यावर होती. गुरुजी दुपारी तिथं पोचले. पेटीच्या तोंडाशी हात नेल्यावर त्यांना वाटलं, 'सबब'च्या जागी 'म्हणून' बरं दिसलं असतं. मग वाटलं, चौतीस हात चार बोटं, ती चार बोटं यादीत घेतली की नाही? ते हात पेटीत घालायचे, काढायचे, पाकीट उन्हाला धरून बघायचे.

सोमवार होता. बाजाराहून येणारी भिमाबाई डोक्यावरची पाटी सावरत थांबली. "काय लिवलंय एवढं, गुरुजी?"

"तुमचं रान किती हात आहे ते."

"म्या तर वरसावरसं सांगतच आले की."

"हो. पण शिक्का नव्हता."

ती हसली. पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "मग टाका की! असं हातात धरून उभं ऱ्हायल्यावर काय नांगरट व्हनार हाय?"

गुरुजींनी पत्र टाकलं.